डीबगमध्ये पास, रिलीजमध्ये नापास: चाचणी बिल्डसाठी ऑप्टिमायझेशनची पातळी कशी ठरवावी

तक्रार बहुधा एकाच शब्दांत येते: लॅपटॉपवर सगळ्या चाचण्या हिरव्या आहेत, पण ग्राहकाला द्यायचे बिल्ड (कोडपासून तयार होणारा चालता प्रोग्राम) केले की त्यांतल्या काही लाल होतात. तिच्यावरचा तोडगाही ठरलेला असतो. ऑप्टिमायझेशन (कोड जलद किंवा लहान व्हावा म्हणून कंपायलर, म्हणजे कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम, करतो ती फेररचना) बंद करायचे, चाचण्या हिरव्या झाल्या की तेच बिल्ड पाठवून द्यायचे आणि पुढच्या कामाला लागायचे. मग कधीतरी कंपायलरची आवृत्ती बदलते, किंवा कोणीतरी एखादे साधेसे फंक्शन जोडते, आणि तीच तक्रार वेश बदलून परत येते. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या औद्योगिक भागांत यंत्रांसाठी सी किंवा सी++ मध्ये फर्मवेअर (यंत्रातच बसवलेले सॉफ्टवेअर) लिहिणारे जे छोटे गट आहेत, त्यांच्यापैकी बहुतेकांना हा अनुभव असतो.

उदाहरणासाठी मोंढ्यातल्या इलेक्ट्रॉनिक काट्याचा इंडिकेटर घेऊ. लोडसेलकडून (वजन मोजणाऱ्या सेन्सरकडून) वजन घ्यायचे, क्विंटलचा भाव लावायचा, रक्कम काढून आडत्याच्या पट्टीवर छापायची आणि दिवसाची व हंगामाची बेरीज ठेवायची, एवढेच त्याच्या सॉफ्टवेअरचे काम असते. प्रोग्राम लहान आहे, पण वरच्या तक्रारीची जवळजवळ सगळी कारणे त्यात भेटतात. फ्लॅगची, म्हणजे कंपायलरला दिलेल्या पर्यायांची, नावे येथे देवनागरीत लिहिली आहेत; कमांड देताना ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करावी लागतील.

जीसीसी आणि क्लँग या दोन्ही कंपायलरांत '-ओ०' म्हणजे ऑप्टिमायझेशन नाही, आणि कोणतीही पातळी दिली नाही तर हीच धरली जाते. '-ओ१', '-ओ२', '-ओ३' अशा चढत्या पातळ्या आहेत, '-ओएस' आकार लहान ठेवते, आणि '-ओजी' ही डीबगिंग सुसह्य राहावे म्हणून जीसीसीच्या ४.८ या आवृत्तीत २०१३ साली आलेली पातळी आहे. क्लँगमध्ये '-ओजी' आणि '-ओ१' यांत व्यवहारात फरक नाही, म्हणून दोन कंपायलर वापरणाऱ्या गटाने '-ओजी' या नावावरून दोन्हीकडे सारखा अनुभव येईल असे गृहीत धरू नये.

बिल्ड तेच आहे का, हे आधी पाहावे

ऑप्टिमायझेशनवर संशय घेण्यापूर्वी ज्या बायनरीवर (तयार चालत्या फाइलवर) चाचणी चालली ती खरोखर त्याच फ्लॅगने तयार झाली होती का, हे तपासावे. साधे हाताने लिहिलेले मेकफाइल असेल तर फ्लॅग बदलल्याचे मेकला (बिल्ड चालवणाऱ्या साधनाला) कळत नाही. तो फक्त फाइलींची वेळ पाहतो. त्यामुळे '-ओ०' चे '-ओ२' केले, पुन्हा मेक चालवले, की ज्या फाइली दरम्यान बदलल्या तेवढ्याच नव्या पातळीवर तयार होतात आणि बाकीच्या जुन्याच राहतात. असे संमिश्र बिल्ड कोणाच्याच मशीनवर पुन्हा तसेच बनत नाही, आणि "माझ्याकडे चालते" या वादाचे मूळ पुष्कळदा येथेच असते. सीमेक आणि निंजा ही बिल्डची साधने फ्लॅगमधील बदल ओळखून पुन्हा कंपाइल करतात, तरीही प्रत्येक पातळीसाठी बिल्डची स्वतंत्र डिरेक्टरी ठेवणे सर्वांत सुरक्षित आहे. जीसीसीला 'रेकॉर्ड-जीसीसी-स्विचेस' हा फ्लॅग दिला तर कोणत्या फ्लॅगने कंपाइल केले ते ऑब्जेक्ट फाइलमध्येच (एका सोर्स फाइलपासून बनलेल्या यंत्रभाषेतल्या फाइलमध्येच) नोंदले जाते आणि रीडएल्फ या साधनाने ते वाचता येते. वाद मिटवायला याहून चांगला पुरावा नाही.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. बिल्ड चालू असताना लाईट गेली आणि डेस्कटॉप इन्व्हर्टरवर नसला, तर अर्धवट लिहिलेली किंवा शून्य बाइटची ऑब्जेक्ट फाइल नव्या वेळेसह डिस्कवर राहू शकते. मेकच्या दृष्टीने ती ताजी असते, म्हणून तो तिला हात लावत नाही. कंट्रोल-सीने बिल्ड थांबवले तर मेक अर्धवट फाइल स्वतः पुसतो, पण वीजच गेली तर पुसायला तो शिल्लक राहत नाही. लिंक करताना (ऑब्जेक्ट फाइली एकत्र जोडताना) अनाकलनीय चुका दिसू लागल्या आणि आदल्या दिवशी भारनियमन झाले असेल, तर विचार करत बसण्याऐवजी बिल्ड डिरेक्टरी पूर्ण पुसून नव्याने बांधावी.

दोन खटके एकत्र दाबले जातात

सीमेक वापरणाऱ्यांच्या बाबतीत सर्वांत जास्त फसवणूक करणारी गोष्ट ही की 'डीबग' आणि 'रिलीज' या प्रकारांत फक्त ऑप्टिमायझेशनचा फरक नाही. जीसीसी आणि क्लँगसाठी 'रिलीज' म्हणजे मुळात '-ओ३' आणि त्याच्या जोडीला 'एनडीबग' ची व्याख्या. 'रेल-विथ-डेब-इन्फो' म्हणजे '-ओ२', '-जी' (डीबगिंगची माहिती) आणि पुन्हा 'एनडीबग'. हे 'एनडीबग' लागू झाले की सी भाषेतला 'असर्ट', म्हणजे कंसातले वाक्य खरे नसेल तर प्रोग्राम थांबवणारी तपासणी, पूर्णपणे नाहीसा होतो. कंसातले वाक्य तपासले जात नाही, इतकेच नव्हे तर ते चालवलेही जात नाही.

आता असे समजा की काटा सुरू होताना शून्यावर आणणारे फंक्शन कोणीतरी थेट असर्टच्या कंसात लिहिले आहे, कारण "ते यशस्वी झालेच पाहिजे" हे सांगण्याचा तो सोपा मार्ग वाटला. डीबग बिल्डमध्ये काटा शून्यावर येतो. रिलीजमध्ये ते फंक्शन हाकच मारली नसल्यासारखे गायब होते आणि प्रत्येक कट्ट्याच्या वजनात रिकाम्या पाटाचे वजन मिसळते. दोष कंपायलरच्या माथी मारला जातो, पण ऑप्टिमायझरचा येथे काडीचाही संबंध नसतो.

यापेक्षाही वाईट प्रकार चाचण्यांच्या फाइलींतच असतो. चाचण्यांची स्वतंत्र चौकट न वापरता साध्या असर्टनेच तपासण्या लिहिल्या असतील, तर रिलीज बिल्डमध्ये त्या सगळ्या तपासण्या निघून जातात आणि प्रोग्राम शांतपणे शून्य परत करतो. सगळे हिरवे दिसते, कारण काहीच तपासलेले नसते. म्हणून कोणत्याही नव्या बिल्ड प्रकारात पहिली चाचणी मुद्दाम चुकीची लिहावी, दोन अधिक दोन पाच असे तिच्यात म्हणावे, आणि ती लाल होते हे डोळ्यांनी पाहून मगच ती काढून टाकावी. चाचण्यांसाठी स्वतःचा तपासणी मॅक्रो ठेवावा, जो एनडीबगला जुमानत नाही.

निदानासाठी हे दोन खटके वेगळे करून चार बिल्डे करावीत: '-ओ०' एनडीबगशिवाय, '-ओ०' एनडीबगसह, '-ओ२' एनडीबगशिवाय आणि '-ओ२' एनडीबगसह. चाचणी दोन्ही एनडीबगच्या बिल्डांत नापास होत असेल तर असर्टांत शोधावे, दोन्ही '-ओ२' च्या बिल्डांत नापास होत असेल तर पुढचा भाग वाचावा, आणि फक्त दोन्ही एकत्र आल्यावर होत असेल तर एखादा असर्ट कंपायलरला काहीतरी माहिती पुरवत होता किंवा एखाद्या व्हेरिएबलला जिवंत ठेवत होता असा अंदाज करून त्या भागाकडे आधी पाहावे.

पातळी बदलली की उत्तर का बदलते

बहुतेक वेळा ऑप्टिमायझर दोष निर्माण करत नाही. कोडमध्ये असलेला दोष तो उघड करतो. सी भाषेच्या मानकात काही कृतींचा परिणाम ठरवलेलाच नाही, आणि प्रोग्राम अशी कृती कधीच करणार नाही असे गृहीत धरण्याची कंपायलरला मुभा आहे. '-ओ०' वर तो ही मुभा फारशी वापरत नाही, '-ओ२' वर पुरेपूर वापरतो.

सर्वांत साधा प्रकार म्हणजे सुरुवातीची किंमत न दिलेले स्थानिक व्हेरिएबल. वजनाची सरासरी काढणाऱ्या फंक्शनमध्ये बेरजेला शून्य द्यायचे राहून गेले, तर '-ओ०' वर स्टॅकवरच्या (फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीतल्या) त्या जागी योगायोगाने शून्य असू शकते आणि चाचणी वर्षानुवर्षे पास होत राहते. '-ओ२' वर तेच व्हेरिएबल रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या जागेत) जाते आणि तिथे आधीच्या हिशेबाचा गाळ असतो. येथे एक विरोधाभास लक्षात ठेवण्यासारखा आहे: जीसीसीचा 'मेबी-अनइनिशिअलाइज्ड' हा इशारा कोडच्या प्रवाहाच्या विश्लेषणावर उभा आहे आणि ते विश्लेषण ऑप्टिमायझेशन चालू असतानाच नीट होते. ज्या गटाचे रोजचे बिल्ड '-ओ०' वर आहे, तो गट "आमच्याकडे एकही वॉर्निंग नाही" असे म्हणतो तेव्हा त्याला पुष्कळ इशारे दाखवलेच गेलेले नसतात. ॲरेच्या मर्यादेविषयीचे आणि एलिअसिंगविषयीचे (मेमरीतली एकच जागा दोन वेगळ्या प्रकारांची म्हणून वापरण्याविषयीचे) इशारेही बरेचसे '-ओ२' वरच काम करतात, आणि ग्लिबसी या सी लायब्ररीची 'फॉर्टिफाय सोर्स' ही संरक्षक तपासणी तर ऑप्टिमायझेशनशिवाय लागूच होत नाही. जीसीसी १२ पासून 'ट्रिव्हियल-ऑटो-व्हार-इनिट' हा फ्लॅग उपलब्ध आहे, क्लँगमध्ये तो त्याआधीच आला होता. चाचणी बिल्डमध्ये त्याला 'पॅटर्न' ही किंमत द्यावी, म्हणजे रिकाम्या व्हेरिएबलांत मुद्दाम विचित्र आकडे भरले जातात आणि लपलेली चूक पहिल्याच फेरीत ओरडते. 'झिरो' देऊ नये. त्याने चूक आणखी खोल लपते.

दुसरा प्रकार बेरजेचा. रक्कम पैशांत ठेवून ३२ बिटांच्या चिन्हयुक्त पूर्णांकात साठवली तर कमाल आकडा २,१४,७४,८३,६४७ पैसे, म्हणजे ₹ २,१४,७४,८३६.४७ इतका होतो. सोयाबीनचा भाव क्विंटलला ₹ ४,०९७ धरला तर सुमारे ५,२४० क्विंटल मालात ही मर्यादा संपते. एका ट्रॅक्टरच्या पट्टीसाठी हे भरपूर आहे, हंगामाच्या बेरजेसाठी नाही. हे ओळखून कोणी तपासणी लिहितो: बेरजेत रक्कम मिळवल्यावर उत्तर आधीच्या बेरजेपेक्षा लहान आले तर ओव्हरफ्लो झाला, म्हणजे मर्यादा ओलांडली, असे समजावे. '-ओ०' वर हे बहुधा चालते, कारण प्रोसेसर खरोखरच आकडा फिरवून ऋण करतो. पण चिन्हयुक्त पूर्णांकाचा ओव्हरफ्लो मानकानुसार अनिश्चित आहे, त्यामुळे '-ओ२' वर कंपायलर असे म्हणतो की धन रक्कम मिळवल्यावर बेरीज लहान होऊच शकत नाही, आणि ती संपूर्ण तपासणी काढून टाकतो. तपासणी बेरजेनंतर नव्हे तर आधी करावी, किंवा जीसीसी ५ पासून असलेले 'बिल्टइन-ॲड-ओव्हरफ्लो' वापरावे, किंवा सरळ ६४ बिटांचा पूर्णांक घ्यावा. 'रॅप-व्ही' हा फ्लॅग दिला तर आकडा फिरण्याची हमी मिळते, परंतु पट्टीवर ऋण बेरीज छापली जाणे ही हमी कोणाला हवी असेल असे वाटत नाही.

तपासण्या अशा गायब होणे हे केवळ नवशिक्यांच्या कोडपुरते मर्यादित नाही. २००९ साली लिनक्स कर्नलच्या टन (आभासी नेटवर्कच्या) ड्रायव्हरमध्ये असेच झाले होते: पॉइंटर (मेमरीचा पत्ता) आधी वापरला होता आणि तो नल (रिकामा) आहे का हे नंतर तपासले होते, त्यामुळे जीसीसीने ती नंतरची तपासणी निरर्थक ठरवून काढली आणि सुरक्षेला भोक पडले. त्यानंतर कर्नलच्या बिल्डमध्ये अशा तपासण्या काढू नयेत असे सांगणारा फ्लॅग आला.

तिसरा प्रकार अपूर्णांकांचा, आणि तो थोडा सावकाश पाहण्याजोगा आहे, कारण येथे कोणताही नियम मोडलेला नसतो. किलोंतले वजन आणि क्विंटलचा रुपयांतला भाव यांचा गुणाकार केला की उत्तर आपोआप पैशांत मिळते. ४,०९७ किलो सोयाबीन आणि ₹ ४,०९७ भाव असेल तर गुणाकार १,६७,८५,४०९ पैसे, म्हणजे ₹ १,६७,८५४.०९ येतो. ३२ बिटांच्या 'फ्लोट' मध्ये २४ बिटांची अचूकता असते, म्हणून १,६७,७७,२१६ च्या पुढे त्यात फक्त सम पूर्णांक मावतात आणि वरील उत्तर १,६७,८५,४०८ असे साठवले जाते. एक पैसा येथेच गेला. तो दोन्ही बाजूंना सारखाच जातो, म्हणून चाचणी त्यावर बोट ठेवत नाही.

आता मोंढ्यातल्या आणि गोदामातल्या अशा दोन वजनांची तुलना करणारे फंक्शन घ्या: पहिले वजन गुणिले पहिला भाव, वजा दुसरे वजन गुणिले दुसरा भाव. चाचणीत दोन्ही बाजूंना तेच आकडे दिले आहेत आणि फरक शून्य यावा अशी अपेक्षा आहे. लॅपटॉपवर शून्य येतो. यंत्रातल्या कॉर्टेक्स-एम४ प्रोसेसरवर '-ओ०' ने कंपाइल केले तरी शून्य येतो. '-ओ२' दिले की फरक एक पैसा येतो. कारण असे की एफपीयू (अपूर्णांकांचे गणित करणारा भाग) असलेल्या एम४ वर गुणाकार आणि बेरीज एकाच सूचनेत करण्याची सोय आहे, तिच्यात मधला गुणाकार गोल केला जात नाही, आणि जीसीसी त्याच्या नेहमीच्या मोडमध्ये ऑप्टिमायझेशन चालू असेल तर अशी सूचना आपणहून वापरतो. मग एका बाजूचा गुणाकार गोल होऊन ४०८ वर येतो, दुसऱ्या बाजूचा पूर्ण ४०९ राहतो, आणि वजाबाकीत तो हरवलेला पैसा उभा राहतो. लॅपटॉपच्या साध्या ६४ बिट इंटेल बिल्डमध्ये ही सूचना मुळात वापरली जात नाही, म्हणून तिथे कितीही पातळ्या बदलल्या तरी हा दोष सापडत नाही. 'एम-एफएमए' हा फ्लॅग देऊन लॅपटॉपवरच्या चाचण्या पुन्हा बांधल्या तर तो तिथेही दिसतो, अर्थात प्रोसेसर त्या सूचना जाणणारा असला पाहिजे. इंटेलच्या २०१३ च्या हॅसवेल पिढीपासून त्या आहेत.

यावर 'एफपी-कॉन्ट्रॅक्ट' (गुणाकार आणि बेरीज एका सूचनेत जोडणे) बंद करणे हा उपाय चालतो. काटेकोर आयएसओ मोडमध्ये, म्हणजे 'एसटीडी' ला 'सी११' सारखी किंमत दिल्यास, जीसीसी सी भाषेसाठी ते मुळातच बंद ठेवतो. चाचणीत शून्याऐवजी "एका पैशाच्या आत" असे लिहिणे हाही उपाय केला जातो. माझ्या मते पैशाच्या हिशेबात दोन्ही उपाय मलमपट्टीचे आहेत. चाचणीने खरी गोष्ट सांगितली आहे की रकमेसाठी फ्लोट वापरणे चुकले. वजन ग्रॅममध्ये आणि रक्कम पैशांत, दोन्ही पूर्णांकांत ठेवावीत. फिल्टरचे गणित फ्लोटमध्ये राहिले तरी हरकत नाही, तिथे मात्र चाचणीत सहनशीलता लिहावी आणि ती का तेवढी आहे हेही शेजारी लिहावे.

चौथा प्रकार फर्मवेअरवाल्यांना पाठ असतो. एडीसीने (सेन्सरचा संकेत आकड्यात बदलणाऱ्या भागाने) नवे माप तयार झाल्याची खूण इंटरप्टमध्ये (मुख्य काम थांबवून चालणाऱ्या कोडमध्ये) करायची आणि मुख्य लूपने त्या खुणेची वाट पाहायची. ती खूण 'व्होलाटाइल' (दर वेळी मेमरीतून वाचायची अशी) नसेल तर '-ओ२' वर कंपायलर तिची किंमत एकदाच वाचतो आणि काटा तिथेच गोठतो. रिकामा लूप फिरवून केलेला विलंबही असाच उडतो. लॅपटॉपवर कितीही चाचण्या चालवल्या तरी हे सापडणार नाही, कारण तिथे इंटरप्टच नसतो. लॅपटॉपवरच्या अनेक थ्रेडच्या (एकाच वेळी चालणाऱ्या) कोडमध्ये मात्र व्होलाटाइल पुरत नाही, तिथे ॲटॉमिकच (वाचणे-लिहिणे अखंड ठेवणारे) लागते.

दोषी फाइल शोधणे

कोड मोठा असेल तर वाचून दोष शोधण्यापेक्षा अर्धे-अर्धे करत जाणे जलद पडते. सर्व फाइलींच्या ऑब्जेक्ट दोन पातळ्यांवर दोन डिरेक्टऱ्यांत तयार कराव्यात. मग अर्ध्या '-ओ०' च्या आणि अर्ध्या '-ओ२' च्या घेऊन लिंक करावे आणि नापास होणारी चाचणी चालवावी. नापास झाली तर दोष '-ओ२' च्या अर्ध्यात, पास झाली तर दुसऱ्या अर्ध्यात. याच रीतीने ६४ फाइलींतून एक फाइल सहा पायऱ्यांत हाती लागते. बिल्डमध्ये एलटीओ (लिंक करताना सगळ्या फाइलींचे एकत्र ऑप्टिमायझेशन) चालू असेल तर ते आधी बंद करावे, कारण त्यात फाइलींच्या सीमाच पुसल्या जातात. फाइल सापडल्यावर फंक्शनपर्यंत उतरण्यासाठी जीसीसीमध्ये 'ऑप्टिमाइझ' हे ॲट्रिब्यूट आणि क्लँगमध्ये 'ऑप्टनन' वापरता येते. जीसीसीचे ॲट्रिब्यूट केवळ शोधासाठी आहे, विकायच्या कोडसाठी नाही, असे त्याच्याच दस्तऐवजात म्हटले आहे.

'-ओ०' वर एकेक ऑप्टिमायझेशन हाताने चालू करून पाहण्याचा मोह होतो. त्यात वेळ जातो, कारण '-ओ०' वर बहुतेक ऑप्टिमायझेशने वेगळे फ्लॅग देऊनही चालत नाहीत. उलट दिशेने जावे: '-ओ२' ठेवून एकेक बंद करत यावे. कोणती पातळी काय चालू करते ते 'क्यू' सोबत 'हेल्प' ला 'ऑप्टिमायझर्स' देऊन छापता येते. 'नो-स्ट्रिक्ट-एलिअसिंग' ने चाचणी पास झाली तर बाइटांच्या बफरवर भलत्याच प्रकारचा पॉइंटर टाकला आहे का ते शोधावे. 'रॅप-व्ही' ने पास झाली तर ओव्हरफ्लो. हे फ्लॅग येथे निदानासाठी आहेत. ते मेकफाइलमध्ये कायमचे ठेवायचे ठरले तरी हरकत नाही, लिनक्स कर्नलही 'नो-स्ट्रिक्ट-एलिअसिंग' नेच बांधला जातो, फक्त ते जाणीवपूर्वक ठरवलेले असावे.

सॅनिटायझर (प्रोग्राम चालताना चुका पकडणाऱ्या तपासण्या) या सगळ्याच्या आधी चालवून पाहणे शहाणपणाचे. 'अनडिफाइन्ड' सॅनिटायझर ओव्हरफ्लो आणि चुकीचे शिफ्ट दाखवतो, 'ॲड्रेस' सॅनिटायझर मर्यादेबाहेरचे वाचन दाखवतो, आणि ही दोन्ही एकाच बिल्डमध्ये राहू शकतात. सुरुवातीची किंमत नसलेली व्हेरिएबले मात्र या दोघांनाही दिसत नाहीत; त्यासाठी क्लँगचा मेमरी सॅनिटायझर किंवा मेमरीच्या चुका शोधणारा व्हॅलग्राइंड लागतो.

कोणत्या पातळीवर चाचणी चालवावी

आता मूळ प्रश्न. एका पातळीचे सगळे फायदे दुसऱ्या पातळीत मिळत नाहीत, म्हणून "चाचणीसाठी सर्वांत चांगली पातळी कोणती" असे विचारण्याऐवजी हे बिल्ड कोणता दोष पकडण्यासाठी आहे असे विचारावे.

प्रथम मोजावे. कंपाइल करायला लागणारा वेळ आणि चाचण्या चालायला लागणारा वेळ स्वतंत्रपणे पाहावा. दोन्ही एकत्र मोजले की चुकीचा निर्णय होतो. चाचण्या हजारो पण हलक्या असतील तर बहुतेक वेळ कंपाइलमध्ये जातो, आणि तिथे '-ओ०' किंवा '-ओजी' सोबत सीकॅश (आधी कंपाइल केलेले जपून ठेवणारे साधन) लावणे पुरते. उलट फिल्टरला तासभराचे नोंदवलेले नमुने देऊन पाहणाऱ्या चाचण्या असतील तर '-ओ०' वर वाचलेला कंपाइलचा वेळ चालवताना कितीतरी पटींनी भरावा लागतो. मधला मार्ग पुष्कळदा विसरला जातो: बाहेरून घेतलेल्या लायब्ऱ्या '-ओ२' वर एकदाच बांधून ठेवाव्यात आणि फक्त स्वतःचा कोड '-ओजी' वर ठेवावा. रस्ट भाषेत कार्गो या बिल्ड साधनाच्या प्रोफाइलमध्ये अवलंबित पॅकेजांसाठी वेगळी पातळी देता येते ती याचसाठी. रस्टवाल्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की साध्या चाचणी बिल्डमध्ये पूर्णांकाचा ओव्हरफ्लो झाल्यास प्रोग्राम थांबतो आणि रिलीजमध्ये, वेगळे सांगितले नसेल तर, तो निमूटपणे फिरतो. म्हणजे तिथे पातळीबरोबर वर्तनही बदलते.

रोजच्या कामासाठी '-ओजी' आणि '-जी', असर्ट चालू. जीडीबी या डीबगरमध्ये व्हेरिएबल पाहायला गेल्यावर "ऑप्टिमाइज्ड आउट" असे उत्तर आले की चिडचिड होते, आणि '-ओजी' वरही ते अधूनमधून येते. तेवढी एक फाइल '-ओ०' वर घेऊन काम करावे. कव्हरेज (चाचण्यांनी कोडच्या किती ओळी चालवल्या ते) मोजायचे असेल तर '-ओ०' च योग्य, कारण वरच्या पातळ्यांवर ओळी एकमेकींत मिसळतात आणि जीकोव्ह या कव्हरेज साधनाचे आकडे दिशाभूल करतात. सॅनिटायझरसाठी '-ओ१' आणि 'नो-ओमिट-फ्रेम-पॉइंटर' ही जोडी चांगली. ॲड्रेस सॅनिटायझर साधारण दुप्पट वेळ घेतो, म्हणून तो रोज रात्री चालवणे परवडते. व्हॅलग्राइंड २० ते ३० पट संथ करतो आणि '-ओ२' वर त्याने दाखवलेली रिकाम्या किमतीची तक्रार क्वचित खोटीही निघते, म्हणून त्याला '-ओ०' किंवा '-ओ१' वरचेच बिल्ड द्यावे.

आणि एक बिल्ड असे हवे की ज्याचे फ्लॅग यंत्रात जाणाऱ्या बिल्डशी अक्षराला अक्षर जुळतात, एलटीओ आणि एनडीबगसकट. वेळ कमी पडला तर बाकीची बिल्डे आठवड्यातून एकदा चालवावीत, पण हे प्रत्येक मर्जला (मुख्य कोडमध्ये बदल मिसळताना) चालले पाहिजे. लहान गटांत नेमके हेच सर्वांत आधी कापले जाते, कारण ते सर्वांत सावकाश असते. आठ जीबी मेमरीच्या मशीनवर एलटीओचे लिंकिंग आणि समांतर कंपाइल एकदम सुरू केले की मशीन स्वॅपमध्ये जाते (मेमरीऐवजी डिस्क वापरू लागते) किंवा लिंकर मारला जातो, आणि मग कोणीतरी ते बिल्डच यादीतून काढून टाकतो. तसे करण्याऐवजी लिंकच्या टप्प्यावर समांतर कामांची संख्या कमी करावी. निंजामध्ये लिंकसाठी वेगळी मर्यादा घालता येते.

फर्मवेअरच्या बाबतीत '-ओ०' हा पर्याय पुष्कळदा उरतच नाही. बिल्ड ६४ केबी फ्लॅशमध्ये मावत नाही, आणि प्रत्येक स्थानिक व्हेरिएबलला स्टॅकवर स्वतंत्र जागा मिळाल्याने स्टॅकही फुगतो. '-ओ२' वर इनलायनिंगमुळे (एका फंक्शनचा कोड दुसऱ्यात उतरवल्यामुळे) एखाद्या फंक्शनचा स्टॅक उलट वाढूही शकतो, म्हणून स्टॅकचा आकार ठरवताना 'स्टॅक-यूसेज' फ्लॅगने निघणारे आकडे ज्या पातळीवर विकायचे आहे त्याच पातळीचे घ्यावेत.

"मग '-ओ०' चेच बिल्ड विकले तर काय बिघडते?" हा प्रश्न कोणीतरी विचारतोच. बिघडते हे की रिकामे व्हेरिएबल, निघून जाऊ शकणारी तपासणी आणि चुकीचा पॉइंटर कोडमध्ये तसेच राहतात, आणि त्यांच्यावर झाकण म्हणून कंपायलरच्या एका विशिष्ट आवृत्तीचा एक विशिष्ट स्वभाव वापरलेला असतो. जीसीसी १२ मध्ये '-ओ२' वरच व्हेक्टरायझेशन (अनेक आकड्यांवर एकाच सूचनेत काम) सुरू झाले. स्वभाव असे बदलत असतात.

खरोखर कंपायलरच चुकला असेल तर

असे होते. यूटा विद्यापीठाच्या गटाने सीस्मिथ या साधनाने यादृच्छिक प्रोग्राम तयार करून कंपायलरांत ३२५ हून अधिक दोष शोधले आणि २०११ साली ते प्रसिद्ध केले. त्यांनी तपासलेल्या प्रत्येक कंपायलरमध्ये काहीतरी सापडले. तरीही कंपायलरवर आरोप करण्यापूर्वी अनडिफाइन्ड आणि ॲड्रेस सॅनिटायझर स्वच्छ आहेत, सर्व इशारे पाहिलेले आहेत, आणि तोच कोड दुसऱ्या कंपायलरवर '-ओ२' ने बरोबर चालतो, एवढे हातात असावे. मग सी-रिड्यूस या साधनाने उदाहरण काही ओळींपर्यंत लहान करावे. लहान करता करता दोष आपलाच निघाल्याचे बहुतेकदा तेव्हा कळते.

तेव्हाही तो कंपायलरचाच निघाला तर ती एक फाइल तेवढी '-ओ१' वर उतरवावी, संपूर्ण प्रकल्प नव्हे. मेकफाइलमधल्या त्या ओळीच्या वर कंपायलरची आवृत्ती, नोंदवलेल्या दोषाचा क्रमांक आणि नापास होणाऱ्या चाचणीचे नाव लिहावे, म्हणजे पुढची आवृत्ती आल्यावर ती ओळ काढून तीच चाचणी चालवून पाहता येते.